मतदानाचं बोट

"छबुमावशे, हात लावू नको! मशीन आपोआप करतंय समदं!"

मी वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हटलं. दहावीला होते, विज्ञानात वर्गात पहिली. गप्प कशाला बसू?

छबुबाईने हात मागे घेतला. परळीच्या त्या दवाखान्यात बावीस वर्षं ऑक्सिजन तीच सांभाळायची. पेशंटचे ओठ बघायची, नखं बघायची आणि कमी-जास्त करायची. सिलिंडर उघडायचा पाना कायम तिच्या कमरेला. आज सकाळी मात्र पुण्याहून नवी पेटी आली. बोटाला चिमटा लावायचा, पेटी रक्तातला ऑक्सिजन मोजणार आणि लागेल तेवढा स्वतःच सोडणार. डॉक्टरांनी पाना मागून घेतला, खणात टाकला. "आता मशीनला कुणी हात लावायचा नाही," म्हणाले आणि बाळंतपणाच्या केसला आत गेले.

पेटीचे पहिले पेशंट आमचे आप्पा, माझे आजोबा. छातीत दुखत असताना आधी मत टाकून आले, मग दुकानाच्या पायरीवर कोसळले.

पेटी पीं पीं ओरडत होती. आकडा एकोणऐंशी. ऑक्सिजन ज्यातून जातो त्या बाटलीतलं पाणी खदखदत होतं आणि सिलिंडरचा काटा भराभर उतरत होता. दुसरा सिलिंडर नव्हता. ऑक्सिजनची गाडी निवडणुकीच्या कामाला धरलेली, ती सांजेलाच येणार.

"ह्यो दुपारपस्तोर पुरायचा न्हाई, पोरी."

"मशीनला कळतं ना किती लागतो ते!"

"मग आप्पाचे ओठ असे गुलाबी कावून हायेत?"

मी वाकून बघितलं. खरंच गुलाबी. माझं विज्ञान जरा गडबडलं.

"आप्पा, मत कुणाला टाकलं वो?" छबुबाईने विचारलं.

"गुपित असतंय ते," मास्कमधून आप्पा पुटपुटले.

"गुपित ठिवा, बोट दावा."

चिमटा डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला होता. नख शाईने काळंकुट्ट.

"घ्या! चिमट्याचा उजेड ह्या काळ्यातून जावा कसा, मशीनला दिसावं काय?"

"मी बदलते मावशे. तुझं काम जाईल."

"जाऊ दे. माझा पेशंट हाय त्यो."

तिने चिमटा काढला आणि उजव्या हाताच्या बोटाला लावला. ब्याऐंशी. नव्वद. शहाण्णव. पेटी गप्प झाली, पाणी शांतपणे बुडबुडू लागलं.

"तू जा मावशे, तुझं मतदान राहिलंय ना?"

"जाते की. गाडी आली की जाते." ती काट्यासमोर स्टुलावर बसली.

डॉक्टर बाहेर आले, खूश झाले. "बघा, मशीनने कसं झकास सांभाळलं!"

छबुबाईची नजर काट्यावरच. मग मीच बोलले. उभी राहून, सगळं. शाईसकट.

गाडी सहाला आली, मतदान बंद झालं तेव्हा. सिलिंडर बदलायचा होता. डॉक्टरांनी खण उघडला, पाना काढला आणि छबुबाईसमोर धरला.

तिने पदराला हात पुसले. आधी आप्पांचं नख दाबून बघितलं, मगच पाना घेतला. ती पाना फिरवत होती तेव्हा मला तिचं डावं बोट दिसलं.

कोरं होतं.