हट्ट्याहून आलेली पांढरी गाडी

औंढा नागनाथच्या रस्त्याला पत्र्याचं लांबलचक शेड उभं राहिलं, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं सोयाबीनचं गोदाम होतंय. मग त्यावर फ्लेक्स चढला: ‘राठोड परफॉर्मन्स, गाड्यांचं ट्यूनिंग आणि सर्व्हिस’. शेजारी पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या जळबानं तो दोनदा वाचला आणि मिशीतल्या मिशीत हसत विचारलं, “दिपकभाऊ, ट्यूनिंग म्हंजे पेटी-तबला लावून देणार का काय?”

दिपकनं त्याला समजावून सांगितलं. आजकालच्या गाडीत इंजिनावर हुकूम चालवणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो. कंपनी त्यात सगळं जपून बसवते. गाडी जेवढी पळू शकते त्याच्या बरंच अलीकडे तिला धरून ठेवते. लॅपटॉप जोडून ते बदललं की तेच इंजिन दीडपट ओढतं.

“म्हंजे वेसण ढिली करायची,” जळबा म्हणाला.

इतकं नेमकं दिपकच्या पुण्यातल्या उस्तादालाही कधी सांगता आलं नव्हतं. दिपक हसायला गेला आणि मध्येच वळून फ्लेक्सची दोरी आवळायला लागला.

आत भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं लाल रंगात चार शब्द लिहिले होते: ‘आधी ब्रेक, मग पिकअप’. उद्घाटनाला आलेल्या प्रत्येकानं त्याचं कौतुक केलं. पोरगं पुण्यात राहून शहाणं झालं, म्हणाले. हे शहाणपण कुठून आलं, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि विचारलं असतं तरी दिपकनं सांगितलं नसतं. तीन वर्षं त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला तो पुण्याहून गावी आला होता. हट्ट्याचा बालाजी हा त्याचा आयटीआयपासूनचा जिवलग. दोघं एका ताटात जेवायचे, बालाजीच्या आईच्या हातचे धपाटे तर दिपक घरच्यासारखे मागून खायचा. बालाजीची एक पांढरी डिझेल गाडी होती. त्याच्याच शेतात, चिंचेखाली, दिपकनं तिला लॅपटॉप जोडला. “सोड रे तिला, मोकळी सोड,” बालाजी शेजारी बसून म्हणत राहिला, आणि दिपकनं सोडली. कंपनीनं वेगाला घातलेली मर्यादासुद्धा काढून टाकली. ब्रेक आणि टायर मात्र होते तेच राहिले. गाडी पळवायच्या आधी ती थांबवायची सोय कर, असं उस्ताद ओरडून ओरडून सांगायचा. पण ते पुढच्या खेपेला बघू, असं दोघांनी ठरवलं. पुढची खेप आलीच नाही. अकराव्या दिवशी बालाजी वळणावरच्या पुलाच्या कठड्याला धडकून गेला. गाडीत तो एकटाच होता.

गावाचं तोंड कुणी धरलंय? कुणी म्हणालं, पोरगं बेफाम चालवायचं. कुणी म्हणालं, ते वळणच वाईट, दरसाल एक बळी घेतं. दिपक पुण्याहून मातीला आला नाही आणि तेराव्यालाही आला नाही. सुट्टी मिळत नाही म्हणून निरोप धाडला. सुट्टी त्यानं मागितलीच नव्हती.

त्यानंतर कुठलीही गाडी जोरात उठली की त्याला कानाशी ते शब्द ऐकू यायचे: सोड रे तिला. कॉम्प्रेसरनं हवा सोडली तरी त्याला तेच ऐकू यायचं. पुण्यातून तो पळून आला तो यासाठीच, आणि गावात येऊन बघतो तर आवाज त्याच्या आधी येऊन बसलेला.

उद्घाटनाला रिबीन नव्हती, कात्री नव्हती. वडिलांचा, पुनमचंदांचा, हट्ट होता की भोग लावायचा. तांड्यावर दिवाळीला निखाऱ्यावर तूप-गूळ घालून घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावतात, त्याला धबुकार म्हणतात. दिवाळी लांब होती. पण ज्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या मागं पायपीट केली, त्या घरातलं लेकरू स्वतःचं दुकान टाकतंय, हे गेलेल्यांना कळवायला नको का, असं पुनमचंदांचं म्हणणं. त्यांनी सेवालाल महाराजांचं नाव घेतलं. मग आजा, पणजा, लहानपणी गेलेली एक बहीण, एकेक नाव घेत निखाऱ्यावर तूप सोडलं. तूप पेटलं म्हणजे भोग पावला. पेटेना. नुसता धूर निघत राहिला.

“कुणाचं तरी नाव राहून गेलं,” पुनमचंद डोळे पुसत म्हणाले. “आठव बरं, दिपक.”

दिपकला आठवायची गरज नव्हती. “वाऱ्यानं होत असंल, बा,” तो म्हणाला. शेडमध्ये पानही हलत नव्हतं.

आणि तेवढ्यात रस्त्यावरून एक पांढरी गाडी वळली. दारात येऊन थांबली. थांबली म्हणजे काय, दोन गचके खाऊन कशीबशी उभी राहिली. बंद होण्याआधी तिनं बारीक शीळ घातली. नंबर वाचायच्या आधीच दिपकनं ती ओळखली. बॉनेट नवं होतं, दिवे नवे होते, पण चिंचेखाली मोकळी सोडल्यावर तिला लागलेली ही शीळ त्याच्या हातची होती.

चालवणाऱ्याच्या जागेवरून संतरामकाका उतरले, बालाजीचे वडील. मागच्या सीटवरून शालूबाई उतरल्या, बालाजीची आई. चालवणाऱ्याच्या शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यावर धुतलेला पांढरा टॉवेल नीट घडी करून ठेवला होता.

“दिपक, लेका,” संतरामकाकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तू दुकान टाकलं म्हणून कळलं. दुसऱ्या कुणाकडं न्यायचं मन व्हईना. बाळाचा दोस्त तू.”

दिपक त्यांच्या पाया पडला. वर बघायची मात्र त्याला हिंमत झाली नाही.

काकांनी सगळं सांगितलं. गाडी भंगारात द्यायला शालूबाईंनी साफ नकार दिला, म्हणून नांदेडच्या मेस्त्रीकडून नीट करून आणली. मेस्त्रीनं मोडलेलं सगळं बदललं. “पण गाडीत कायतरी हाय, बाबा. जरा पाय ठेवला की उसळती. मी चालवून राहिलो का ती मला नेऊन राहिली, ते समजत न्हाई. लिंबू बांधलं, नागनाथाला अभिषेक केला. एका जाणत्यानं सांगितलं, पोरगं अडकलंय आत.” मग त्यांचा आवाज एकदम खाली गेला. “माझ्यामुळंच अडकलं. त्या दिवशी हरभऱ्याच्या पेरणीवरून भांडण झालं. मी म्हणलो, जायचं तर जा, परत तोंड दाखवू नको. त्यानं बराबर ऐकलं. आयुष्यात कधी ऐकलं न्हाई माझं, अन् तेवढं ऐकलं.”

“घ्या!” जळबा पंक्चरचा टायर टाकून आला होता, आणि त्याला राहवलं नाही. “पहिल्याच दिवशी भूत उतरवायचं काम! हे जमलं तर हिंगोलीपासून वसमतपर्यंत लाईन लागंल बघ, दिपकभाऊ.”

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. खरं सांगायचं तर त्या क्षणी दिपकच्या मनात हेच आलं. गाडीत मुळात असलेला प्रोग्राम त्यानं तेव्हा जपून ठेवला होता. तो परत घालायला वीस मिनिटं. गाडी गरीब होईल, काकांच्या मनावरचं ओझं उतरेल, दुकानाचं नाव जिल्हाभर होईल, आणि दिपकनं तीन वर्षं जे पोटात ठेवलं ते तसंच पोटात राहील. उलट तोंड उघडलं तर? ज्यानं मित्राला मारलं, त्याच्या दारात गाडी कोण लावणार? पुनमचंद बाजूला उभे राहून लेकाकडं इतक्या अभिमानानं बघत होते की दिपकला त्यांच्याकडं बघवेना.

पुनमचंद काकांना चहाला घेऊन गेले. शालूबाई गाडीपाशीच थांबल्या. दिपक स्टिअरिंगखाली वायर जोडत होता, तशा त्या खिडकीत वाकल्या.

“यांचं ऐकू नको,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “काढू नको त्याला.”

“काकू...”

“मी मागं बसते अन् त्याच्याशी बोलते. जेवला का म्हणलं की गाडी हुंकार देती. माझ्या ताईच्या पोरीचं लग्न ठरलं, सांगितलं, तर केवढी उसळली! यांना भ्या वाटतं. मला न्हाई वाटत. तू त्याचा दोस्त, तुला कळंल म्हणून मीच आणलं तुझ्याकडं. खोटंच सांग, निघत न्हाई म्हणून.”

दिपकनं उरलेली वायर जोडली. लॅपटॉपचा पडदा उजळला आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधलं नाव वर आलं: ‘दिपक बालाजी एक’. चिंचेखाली त्यानं नुसतं स्वतःचं नाव टाइप केलं होतं, तर बालाजी म्हणाला होता, माझं पण टाक की, गाडी माझी हाय. दोघं किती हसले होते. तीन वर्षं ती दोन नावं या गाडीत शेजारी शेजारी बसून हट्ट्याच्या रस्त्यानं फिरत होती.

संतरामकाका चहा अर्धा टाकून परत आले. त्यांना वाटलं, काम सुरू झालं. ते बॉनेटसमोर जाऊन उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले.

“बाळा,” ते बॉनेटला म्हणाले, “चुकलो रे मी. बापाच्या तोंडातून निघून गेलं. आता राग धरू नको. जा सुखानं.”

दिपक खाली उतरला आणि त्यानं ते जोडलेले हात धरून खाली केले.

“काका, हात नका जोडू. त्यात बाळा न्हाई. मी हाय.”

मग त्यानं सगळं सांगितलं. चिंचेचं झाड सांगितलं, काढलेली मर्यादा सांगितली, न बदललेले ब्रेक सांगितले, न मागितलेली सुट्टीसुद्धा सांगितली. स्वतःचं काही झाकलं नाही, फक्त बालाजीनंच सोड म्हटलं होतं, ही एक गोष्ट तेवढी त्यानं सांगितली नाही. मेलेल्या माणसावर वाटणी टाकायची त्याला लाज वाटली. जळबा हात दाखवून अवलक्षण असं काहीतरी पुटपुटला आणि आपल्या दुकानात निघून गेला. तांड्यावरून आलेली माणसं एकेक करून उठली.

काकांनी हातातली टोपी पिळली.

“म्हंजे,” त्यांनी विचारलं, “माझ्या बोलण्यानं न्हाई गेला तो?”

“न्हाई, काका.”

तसे ते तिथल्याच एका टायरवर बसले आणि मोठ्यानं रडले. तीन वर्षांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. मग उठले, आणि दिपकच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की तो भिंतीवरच्या लाल अक्षरांवर जाऊन आदळला. पुनमचंद मध्ये पडले नाहीत. त्यांनी फक्त मान खाली घातली.

शालूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. “मग तीन वर्सं,” त्या म्हणाल्या, “मी कुणाशी बोलून राहिले?”

दिपकनं लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडं वळवला आणि त्यावरच्या दोन नावांवर बोट ठेवलं.

मग त्याच म्हणाल्या, “काढ. पण मला आत बसू दे आधी.”

त्या मागच्या सीटवर बसल्या आणि पुढच्या रिकाम्या सीटवर हात ठेवला. दिपकनं बटण दाबलं. पडद्यावर आकडा सरकत गेला. दहा, वीस, चाळीस. त्या काहीतरी बोलत होत्या, पण इतक्या हळू की शेजारी असूनही त्याला एक शब्द कळला नाही. शंभर झालं. काकांनी गाडी रस्त्यावर काढली, वळणापर्यंत नेली आणि परत आणली. कुठं उसळली नाही, शीळ नाही, गचका नाही.

“गप झाला,” शालूबाई उतरून म्हणाल्या.

त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या निखाऱ्याकडं गेलं. हे काय, असं त्यांनी पुनमचंदांना विचारलं आणि ऐकून घेतलं.

“मग त्यात बाळाचं नाव घ्या.”

पुनमचंद अवघडले. “बाई, यात घरच्यांचंच नाव घेत्यात.”

शालूबाईंनी पहिल्यांदाच दिपकच्या डोळ्यांत बघितलं. त्यात राग होता की माया, ते त्याला आजवर ठरवता आलेलं नाही.

“माझ्याकडून काढला ना यानं?” त्या म्हणाल्या. “मग आता यानंच सांभाळावा. याच्याच घरी ऱ्हाईल तो.”

निखारे जवळजवळ विझत आले होते. दिपक गुडघ्यावर बसला. त्यानं तुपाचा चमचा वाकडा केला आणि मोठ्यानं म्हणाला, “बालाजी संतराम.” भक्कन जाळ झाला.

पांढरी गाडी परत निघाली, तेव्हा शालूबाईंनी पुढचं दार उघडलं, टॉवेल उचलून मांडीवर घेतला आणि नवऱ्याच्या शेजारी बसल्या. गाडी आवाज न करता रस्त्याला लागली.

त्यानंतर दिवसभर शेडमध्ये कुणी फिरकलं नाही. दिवस मावळायच्या आधी दिपकनं शटर ओढलं आणि घरी तांड्यावर जायला स्वतःची गाडी काढली. पुनमचंदांनी सवयीनं पुढचं दार उघडलं.

“बा,” दिपक म्हणाला, “तुमी मागं बसा.”