अर्ध्या टँकरची शर्यत

मी चेअरमन बोलतोय. दचकू नका. आमच्या वाडीच्या दूध संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव, ते वेगळे. त्यांना दोन पाय आहेत आणि मिशा आहेत. मी चार पायांचा, तांबूस अंगाचा, एका कानाला चीर गेलेला कुत्रा. माझं नाव कसं पडलं ते आधी सांगतो, कारण पुढचा निम्मा घोळ त्या नावानंच केला.

चौसाळ्याच्या पुढं हमरस्ता सोडून आत वळलं की आमची वाडी लागते. तिथं दूध संस्थेची एक खोली आहे, पुढं पत्र्याची पडवी. त्या पडवीत रिकाम्या कॅनांच्या मागं माझ्या आईनं मला जन्म दिला. कॅन विसळलेलं पांढरट पाणी पिऊन मी वाढलो. पडवीत विठ्ठलरावांची गोल फिरणारी खुर्ची असायची. ते दुपारी जेवायला गेले की मी तिच्यावर चढून झोपायचो, आणि कुणी उठवायला आलं की गुरगुरायचो. संस्थेचा सेक्रेटरी पंडित एकदा म्हणाला, "ह्यो बी खुर्ची सोडीना बगा!" तेव्हापासून मी चेअरमन.

विठ्ठलरावांना हे आवडलं नाही. एके दुपारी त्यांनी माझ्यावर छत्री उगारली. दूध घालायला आलेली सारजाबाई मधे पडली. "राहू द्या मालक. मी नेते त्याला घरी. म्हशीला सोबत व्हईल." असा मी खुर्चीवरून उतरलो आणि सारजाबाई-बंकटच्या घरी आलो.

घर म्हणजे दोन खोल्या, एक गोठा आणि गोठ्यात एक गाभण म्हैस. माणसं दोनच, पण भली. बंकट उंच, भरल्या अंगाचा, बोलायला मऊ. त्याचे तळपाय मात्र फरशीसारखे सपाट. तो पळाला की कुणीतरी ओलं गोणपाट आपटतंय असं वाटायचं. सारजाबाई त्याच्या खांद्याला लागायची. ती चालताना आवाजच यायचा नाही. रस्त्यानं जाताना बंकट पुढं आणि सारजाबाई मागं, हा आमच्याकडचा रिवाज. ती बिचारी पावलं मोजून टाकायची, नाहीतर त्याच्या टाचेवर पाय पडायचा. मी दोघांच्या मधे चालायचो, म्हणून मला माहीत.

मग लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साल उजाडलं. आमच्याकडं रेल्वेही नव्हती. आमच्याकडं टँकर होता. तो यायचा आणि वाडीच्या विहिरीत पाणी ओतून निघून जायचा. आधी पोचेल त्याला नितळ पाणी, मागून येईल त्याला चिखल. त्यामुळं फाट्यावर टँकरचा हॉर्न वाजला की अख्खी वाडी पळायची. सरपंच पळायचे, गुरुजी पळायचे. देवळातला पुजारी आरती अर्धी टाकून निरांजनासकट पळायचा. नवीन पाहुणा आला तर त्याला वाटायचं, गावात वाघ शिरलाय.

ह्या पळापळीत सारजाबाई सगळ्यांच्या पुढं असायची. कमरेवर घागर, डोक्यावर हंडा, आणि तरी वाऱ्यासारखी. तिच्याबरोबर धावताना मलासुद्धा जीभ बाहेर काढावी लागायची. बंकट मात्र चिखलवाल्यांत. विहिरीवर लोक त्याला हसायचे. "बंकट, बायकू पानी भरून घरी बी गेली बे!"

एक दिवस घरी आल्यावर तो तिला हळूच म्हणाला, "जरा दमानं पळत जा की. लोक हासत्यात."

दुसऱ्या दिवसापासून सारजाबाई त्याच्या मागं पळू लागली. घरात नितळ पाणी यायचं बंद झालं. म्हशीनं गढूळ पाण्याला तोंड लावलं, फुरफुरली आणि मान फिरवली. बंकट दोन दिवस तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "न्हाई जमलं तर नेकनूरच्या बाजारात न्यावं लागंल हिला." सारजाबाईनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि तोंड भिंतीकडं केलं.

अशात विठ्ठलरावांना एक कल्पना सुचली. संस्थेत दूध येत नव्हतं, पण संस्थेला पंचवीस वर्षं झाली होती आणि कार्यक्रम तर करायलाच हवा. त्यांनी जाहीर केलं, दुष्काळाबद्दल लोकांत जागृती व्हावी म्हणून संस्था धावण्याची शर्यत घेणार. पाण्यामागं पळून पळून टाचा फुटलेल्या माणसांना पळायला लावून पाण्याची जाणीव करून द्यायची होती. कुणी हसलं नाही, कारण बक्षीस एक टँकर पाणी होतं. अख्खा, थेट दारात.

शर्यत जोड्यांची. नवऱ्याच्या उपरण्याला बायकोचा पदर बांधायचा, लग्नात बांधतात तसा, आणि फाट्यापासून संस्थेपर्यंत पळायचं. "गाठ सुटली की जोडी बाद!" विठ्ठलराव म्हणाले. संस्थेचे डायरेक्टर मोहनराव, जे विठ्ठलरावांच्या प्रत्येक गोष्टीला आडवे जायचे, तेही ह्याला आडवे गेले नाहीत. त्यांनाही पाणी हवं होतं.

सारजाबाई-बंकटनं पडीक रानात सराव सुरू केला. पहिल्या दिवशी ती सुटली आणि तो गाठीच्या ओढीनं तोंडावर पडला. दुसऱ्या दिवशी त्यानं पडायचं नाही असं ठरवलं, तर ती मागं खेचली जाऊन त्याच्या अंगावर पडली. मी मदत करावी म्हणून मधून पळालो, तर तिघंही बांधाखाली गेलो.

"तू जरा हळू," बंकट म्हणाला.

"आनखी किती हळू? उबी राहू का?"

"मंग मी काय करू? माजं पायच असलं हायेत."

सारजाबाईला हसू फुटलं, मग त्यालाही. मी दोघांची तोंडं चाटली. त्या दिवसापासून तो एक-दोन म्हणायचा आणि ती त्या तालावर पाय टाकायची. पळणं काही फार दिसायचं नाही, पण पडणं थांबलं.

शर्यतीच्या सकाळी फाट्यावर जत्रा भरल्यासारखी गर्दी. जोड्या गाठी बांधून उभ्या. एका म्हातारीच्या नवऱ्याचं उपरणं कुंपणाला अडकून गाठ सुटली आणि ती जोडी आधीच बाद झाली. संस्थेच्या दारात फीत बांधलेली. तिथं विठ्ठलराव हार घेऊन उभे, आणि पंडित टेबलावर बसून माइकवर बोलत होता. कर्णे रस्ताभर लावले होते, त्यामुळं सगळ्यांना सगळं ऐकू जात होतं.

शिट्टी वाजली. जोड्या सुटल्या. बंकट एक-दोन करत होता, सारजाबाई ताल धरून होती, मी पुढं. अर्धा रस्ता झाला, आणि मागून हॉर्न वाजला.

बक्षिसाचा टँकर आला होता. त्याला उशीर झाला होता, आणि ड्रायव्हर नवखा होता. रस्त्यावर एवढी माणसं बघून त्यानं गाडी बाजूच्या शेतांतल्या पाणंदीला घातली.

मग जे झालं त्यात कुणाचाच दोष नाही. हॉर्न ऐकला की पाय वळायचे, एवढंच. अख्खी शर्यत वळली. गाठी बांधलेल्या जोड्या बाभळीतून, नांगरटीतून टँकरमागं सुटल्या. बघे सुटले. घराघरांतून हंडे घेऊन बायका सुटल्या. ड्रायव्हरनं आरशात हे सगळं बघितलं आणि जीव घेऊन गाडी पिटाळली. तेवढ्यात संस्थेच्या बाजूनं एक माणूस बादली घेऊन धावत आला आणि टँकरच्या शिडीवर चढला. त्याच्या गळ्यात हार होता.

बंकटही वळला. गाठ ताणली गेली, कारण सारजाबाई जागची हलली नव्हती.

"अगं चल की! पानी तिकडं चाललंय!"

"जाऊ द्या."

"जाऊ द्या? येडी झालीस का? म्हस हाय घरी!"

"म्हस मला बी हाय," सारजाबाई म्हणाली. ती धापासुद्धा टाकत नव्हती. "जल्मभर टँकराच्या मागंच पळाले. त्यो पुडं, मी मागं. आज कुनी फीत बांदलीय. एकडाव तिथवर पळू द्या मला. मंग तुमी म्हनाल तिकडं येते."

बंकटनं पाणंदीकडं पाहिलं. धुरळ्यात टँकर दिसेनासा झाला होता. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, म्हणजे तिचा पदरही तोंडावरून फिरवला, आणि म्हणाला, "चल. एक… दोन…"

रस्त्यावर आम्ही तिघंच. कर्ण्यांतून पंडितचा आवाज येत होता. तो बिचारा वायरीला बांधल्यासारखा तिथंच बसून राहिला होता आणि समोर कुणी नसताना बोलत होता. "सारजाबाई बंकट ही जोडी येत हाय… पुडं चेअरमन हायेत… चेअरमन फितीजवळ पोचले… चेअरमननी शेपूट हलवली… जोडी आली! चेअरमनच्या साक्षीनं जोडी पयली आली!"

तो एकटाच टाळ्या वाजवत होता. सारजाबाईनं तुटलेली फीत हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "लई पातळ हाय गं बाई."

टँकर चौसाळ्याच्या वाटेवर लोकांनी गाठला आणि रिकामा केला. संध्याकाळी संस्थेत सभा बसली. मीही पडवीत बसलो.

मोहनराव म्हणाले, "शर्यत रद्द! जोडी पोचली ह्याला साक्षीदार कोन?"

पंडित म्हणाला, "मी बोललो की माइकवर. चेअरमन हजर होते."

सगळ्यांनी विठ्ठलरावांकडं पाहिलं. आता ते नाही म्हणाले असते तर मग कुठं होतात, हा प्रश्न आला असता. त्यांनी घसा साफ केला. "होतो ना. मी हजर होतो."

"कावून खोटं बोलता?" मोहनराव उसळले. "तुमी तर बादली घिऊन टँकरवर चढलता!"

"तुमी कुठून बघितलं? तुमी बी तिथंच होता का?"

मोहनराव खाली बसले. अंगठ्यानं जमीन उकरू लागले. शेवटी तोडगा निघाला, की जोडीनं उद्या पुन्हा पळून दाखवावं, सगळ्यांसमोर. संस्थेत निर्णय असेच होतात; ते कळायला मला खुर्चीवरची झोप पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक दाटून उभे होते. पुन्हा भरून आणलेला टँकर संस्थेच्या दारात, चाकं दगडांनी अडवलेली. शिट्टी झाली आणि सारजाबाई-बंकट निघाले. एक, दोन. एक, दोन. लोक आधी हसले. मग कंटाळले. कुणीतरी ओरडलं, "अरं, ही तर वरात हाय!"

मी मागं वळून पाहिलं. बंकट सारजाबाईच्या पायांकडं बघत होता. ती प्रत्येक पाऊल उचलायची आणि मधेच आवरून खाली ठेवायची, जसं कुणी ओठावर आलेलं बोलणं गिळावं. तो एक म्हणाला. दोन म्हणालाच नाही. थांबला, खाली वाकला आणि गाठ सोडली.

"अवो! बाद व्हतोय आपन!"

"व्हऊ दे. ह्यांनी तुला पळताना कुठं बघितलंय? चिखलात उबं राहून मीच तेवडं बघितलंय. पळ!"

"अन् म्हस?"

"पळ म्हनतो ना!"

एक म्हातारी कपाळाला हात लावून ओरडली, "अगं बाई, काडीमोड केला की!" पण तोवर सारजाबाई सुटली होती. पदर कमरेला खोचलेला, पाय जमिनीला लागतात की नाही ते कळेना. मी जीव तोडून पळालो आणि तरी मागं पडलो. मग बायकांतून एक किंकाळी उठली, आनंदाची, आणि ती रस्त्याच्या कडेकडेनं तिच्याबरोबर धावत गेली. मागून बंकट ओलं गोणपाट आपटत येत होता, रडत होता आणि ओरडत होता, "माजी बायकू हाय ती! माजी हाय!"

पुन्हा सभा. नियमानं जोडी बाद. पण वाडीतल्या बायका संस्थेच्या दारात बसून उठेनात. विठ्ठलरावांनी बराच विचार केला आणि निकाल दिला, "अर्धी जोडी पळत आली. म्हनून अर्धा टँकर."

"अन् दुसरी अर्धी? ती बी आली की मागून," मोहनराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते योग्य कारणासाठी आडवे गेले होते.

"ती येगळी आली. येगळे आलेले दोन अर्धे मिळून एक व्हत न्हाई," विठ्ठलराव म्हणाले. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

अर्ध्या टँकरावर म्हैस तगली. बाजारात गेली नाही. तिला रेडकू झालं, वगार.

त्यानंतर सारजाबाई थांबली नाही. बीडला पळाली, गेवराईला पळाली, अंबाजोगाईला पळाली. कुठं पहिली आली, कुठं तिसरी. एके ठिकाणी तर शर्यत पुरुषांची होती, तरी पळून आली. बंकट सायकलवरून मागं असतो, तिच्या चपला हँडलला अडकवून. चढ आला की तो उतरतो, आणि ती पुढं निघून जाते. त्याला आता कुणी हसलं तर तोही हसतो.

पूर्वी मी तिच्या पुढं पळायचो, दुसऱ्या वाड्यांची कुत्री अंगावर आली तर त्यांच्याशी बोलून घ्यायचो. आता माझा मागचा पाय उचलत नाही. डोळ्यांत पांढरं आलंय. पहाटे ती निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, "तू बस रं चेअरमन. राखन कर." मी बांधावर बसतो, आणि तिच्या पावलांचा आवाज ऐकायचा प्रयत्न करतो. तो तर आधीपासूनच येत नाही. सायकलचा येतो, बराच वेळ.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. आमच्याकडच्या रस्त्यानं पहाटे कधी लुगडं खोचलेली एक बाई धावत गेली, तर तेवढा वेळ तुमचं कुत्रं धरून ठेवा. मी आता तिच्याबरोबर नसतो.