किटलीतला चहा

मेंढरू खाणं सोडून पडून राहिलं की मायाप्पा त्याच्या पोटावरून हात फिरवायचा. खाल्लेल्या कॅरीबॅगांचा आत गोळा झाला असला तर हाताला लागायचा. मेंढरं विकून तो सोलापुरात भवानी पेठेत राहायला आला, तरी हाताची सवय गेली नाही. बायकोचं, म्हाळसाबाईचं पोट दुखू लागलं तेव्हाही त्याने तसाच हात फिरवला होता. गोळा नव्हता. पुढे आतडं सुजलं, ते सुजलेलंच राहिलं, आणि उन्हाळ्यात ती गेली.

आता सुनेचं, पूनमचं पोट बिघडू लागलं. सासू जायची त्याच टॉवेलच्या कारखान्यात ती घड्या घालायला जाई. तिथे चहा यायचा तो उकळता, पातळ कॅरीबॅगेत भरून, वर गाठ मारून.

पूनमचा रिपोर्ट आणायला मायाप्पा एकटाच गेला. डॉक्टरीणबाईंनी ती काय खाते-पिते ते विचारलं. चहाचं ऐकून म्हणाल्या, गरम चहाने प्लॅस्टिकचे कण सुटतात, डोळ्यांना न दिसणारे. ते पोटात जातात. उंदरांची आतडी त्याने सुजलेली दिसली आहेत, माणसांचं अजून नक्की ठरलेलं नाही. मायाप्पाने पिशवीतून म्हाळसाबाईची सोनोग्राफी काढली. यात कुठे गोळा दिसतो का, एवढंच बघा म्हणाला.

"गोळा नसतो हो त्याचा, आजोबा. आणि त्यांना कशामुळे झालं, ते आता मला सांगता यायचं नाही. कुणालाच नाही."

घरी येईपर्यंत तो आपल्या हाताकडे बघत होता. जे हाताला लागत नाही ते नाहीच, असं तो जन्मभर धरून चालला होता.

सकाळी त्याने म्हाळसाबाईची स्टीलची किटली घासली, टपरीवर भरून घेतली आणि पेल्यांसकट कारखान्यात नेली. बायका हसल्या.

"मामा, बिस्कुटं इसरलाव व्हय?" शिवम्मा म्हणाली.

पूनम हसली नाही. तिने हळूच विचारलं, "आत्यांना ह्या चहानंच झालं, असं म्हणल्या का डाक्टरीणबाई?"

व्हय म्हटलं असतं तर तिने पुन्हा त्या पिशवीतला चहा घेतला नसता. त्यालाही कुणाला तरी बोल लावता आला असता.

"न्हाय," तो म्हणाला. "कुणालाच ठावं न्हाय."

"मग?"

"मग काय. ठावं हुईस्तवर किटलीतला पी की."

तिने पेला तोंडाला लावला. किटली घरी न्यावी की नाही, हे मायाप्पाला ठरवता येईना. शेवटी त्याने ती कारखान्यातच, म्हाळसाबाई कामाला बसायची त्या खिडकीत ठेवली.