गुलाल लावलेली अर्धी वाटी

अधर्माचे चित्र रोज कौतुकाने पाहिल्याने मनुष्य अधर्मी होतोच असे नाही. परंतु अधर्माच्या रीती त्याच्या अंगवळणी पडतात, आणि सत्य सांगण्याची वेळ आली की ती सवयच त्याच्या तोंडावर हात ठेवते. शिवाजी पेठेतले भांड्यांचे व्यापारी बसलिंगाप्पा यांच्यावर दोन हजार तीन साली असाच प्रसंग आला.

मुंबईतल्या एका गुंड घराण्यावरची एक टीव्ही मालिका तेव्हा शहरातल्या केबलवर तिसऱ्यांदा लागत होती. मध्यंतरी केबलवाल्याने ती बंद केली, तेव्हा तालमीतल्या पैलवानांनी आणि त्यांच्या आयांनी फोन करकरून त्याला जेरीस आणले. त्या घरात जेवता जेवता खून ठरत. पण घरातल्या म्हाताऱ्या आईचे ताट वाढल्याशिवाय कोणी घास घेत नसे. लोकांना हेच भुरळ घाली. त्या घराण्याची एक रीत होती. ज्याला संपवायचे त्याच्याकडे लाल रंग फासलेली नारळाची अर्धी वाटी जाई. ती त्याने स्वतः परत आणून दिली, तर तो शरण आला असे समजून त्याला सोडून देत.

माघात फुटबॉलच्या सामन्यावरून भांडण पेटले, आणि तालमीच्या हंबीररावाने चहावाल्या आकारामचा हात लोखंडी गजाने मोडला. बसलिंगाप्पांच्या दुकानासमोरच ते घडले. पाहणारे वीस जण होते. पोलिसांना जबाब मात्र एकट्या बसलिंगाप्पांनी दिला. आता बुधवारी कोर्टात साक्ष होती.

सोमवारी सकाळी हंबीररावाची बायको येऊन एक पुडी देऊन गेली. ‘सासूबाईंनी दिलंय,’ एवढेच म्हणाली. पुडीत नारळाची अर्धी वाटी होती, गुलालाने माखलेली.

“जोतिबाचा प्रसाद असेल की,” बसलिंगाप्पांची पत्नी शांतव्वा म्हणाली. “काल रविवार, देवाचा वार होता. निम्म्या पेठेत असल्या वाट्या वाटल्या असतील.”

“ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची, त्याच्या घरचा प्रसाद?”

“त्या टीव्हीनं तुम्हाला येड लावलंय.”

बसलिंगाप्पा पुडी घेऊन दुकानात गेले. सकाळपासून समोरच्या कट्ट्यावर दोन तरुण बसून होते. ते रोजच बसत, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी दुपारीच दुकानाचे शटर ओढले.

मंगळवारी चारच्या ठोक्याला ते पुडी घेऊन निघाले. त्या वेळी सारी पेठ मालिकेपुढे बसलेली असते, कोणी पाहणार नाही, असा त्यांचा हिशेब. गल्ली खरोखरच ओस होती. परंतु प्रत्येक खिडकीतून मालिकेच्या आरंभीचा तो संथ ढोल ऐकू येत होता. एका घरापुढून पुढे जावे, तो दुसऱ्या घरातून तोच ढोल. शेवटचे वळण घेऊन ते हंबीररावाच्या घरात शिरले.

जामिनावर सुटलेला हंबीरराव पलंगावर बसला होता. मालिकेतल्या थोरल्या भावासारखाच पांढराशुभ्र सदरा, आणि बोलणेही तसेच सावकाश. त्याची आई धोंडुबाई तांदूळ निवडत होती. बसलिंगाप्पांनी पुडी तिच्यापुढे ठेवली.

“आक्का, ही घ्या. उद्या मी कोर्टात येत नाही. गावाला चाललोय.”

वाटी परत आणण्याचा अर्थ हंबीररावाच्या ध्यानात क्षणात आला. तो मंद हसला. “शाणं हाईसा अप्पा.”

“परसाद माघारी आणत्यात व्हय कुणी?” धोंडुबाईने विचारले. मग तिने लेकाच्या हसण्याकडे पाहिले, पाहुण्याने ठेवलेल्या पुडीकडे पाहिले, चालू टीव्हीच्या पडद्याकडे पाहिले. हातातले सूप बाजूला ठेवून ती उठली आणि तिने टीव्ही बंद केला.

“दोनदा शेवटपत्तुर बघितलं म्या,” ती म्हणाली. “ती म्हातारी लेकाला पाठीशी घालती, आन् शेवटाला त्येचं मडं दारात येतं. दर डावाला वाटतं, औंदा तरी म्हातारी तोंड उघडंल. न्हाय उघडत. म्हणून रविवारी डोंगरावर गेलतो. माझ्या लेकाला हितंच आडीव, म्हणून देवाफुडं नारळ फोडला. अप्पा, तुमचा धीर सुटू ने, म्हणून ही वाटी धाडली.”

“आई, गप बस.”

“गप बसूनच हितवर आलंय, बाबा.”

तिने वाटीचे दोन तुकडे केले. एक बसलिंगाप्पांच्या हातावर ठेवला, दुसरा लेकापुढे धरला. बसलिंगाप्पांनी आपला तुकडा चावून खाल्ला. हंबीररावाने हात पुढे केला नाही. तो नुसता बसलिंगाप्पांकडे पाहत राहिला.

बुधवारी बसलिंगाप्पांनी साक्ष दिली. न्यायाधीशांना दोनदा ‘मोठ्याने बोला’ म्हणावे लागले. मागच्या बाकावर धोंडुबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती. तिचे डोळे वाहत होते, आणि बसलिंगाप्पांचे वाक्य अडले की ती मान हलवी. शेवटी त्यांनी हंबीररावाकडे बोट दाखवले. त्या क्षणी त्यांना आपल्या पाठीमागे पुन्हा तो ढोल ऐकू आला.

त्यांची भीती पुढेही पुष्कळ दिवस गेली नाही. गल्लीत कोणी भरभर चालत आले की ते भिंतीला पाठ लावून उभे राहत. चार वाजता मात्र त्यांच्या घरी टीव्ही लागेनासा झाला.

आकारामच्या मोडलेल्या हाताला बळ येवो. भिऊनही खरे बोललेल्या त्या व्यापाऱ्याला शांत झोप लाभो. लेकाला कोर्टात हरवून वाचवू पाहणाऱ्या मातेचा नवस फळो, आणि त्या लेकाचा हात कधीतरी प्रसादासाठी पुढे होवो.