बोलक्या पाटीचा सेल

वरणभाताचा पहिलाच घास सानवीने थुंकून टाकला, तेव्हा हेरंबरावांना वाटलं, दात येत असतील. नात दीड वर्षाची, दातांचेच दिवस. पण लाळ थांबेना. पाण्याचा घोट दिला तर तोही बाहेर आला आणि ती मान ताणून रडायला लागली.

घरात दोघंच होती. मुलगा कुणाल नंदेसरीच्या कारखान्यात कामावर, सून यशश्री शाळेत शिकवायला. सानवीचं लक्ष वळवावं म्हणून हेरंबरावांनी बोलकी पाटी उचलली. चित्रावर बोट ठेवलं की ती प्राण्याचं नाव सांगायची, आवाज काढायची. त्यांनी हत्ती दाबला. पाटी गप्प. गाय दाबली, तरी गप्प. त्यांनी ती उलटी केली. झाकण लोंबत होतं. रुपयाएवढा चपटा सेल जागेवर नव्हता.

रविवारी तो त्यांनीच बदलला होता. झाकणाचा बारीकसा स्क्रू हातातून निसटून कुठे गेला ते कळलं नाही, म्हणून त्यांनी झाकणावर चिकटपट्टी मारली. रिफायनरीत पस्तीस वर्षं मीटर दुरुस्त केलेल्या माणसाने एका स्क्रूसाठी बाजारात जायचा कंटाळा केला.

दिवाणाखाली, चादरीत, तिच्या झबल्यात, सगळीकडे त्यांनी चाचपलं. मग एकदम उठले. शोधत बसण्यात वेळ जात होता. नातीला उचलून, पायात मिळतील त्या चपला घालून ते जिना उतरले. रिक्षात बसल्यावर यशश्रीला फोन लावला.

"सेल गिळला? कसा? झाकणाला तर स्क्रू होता ना, बाबा?"

"तू आधी ये," एवढंच ते म्हणाले.

रावपुऱ्याच्या रस्त्यावर नेहमीसारखी कोंडी होती. रिक्षावाल्याने आरशातून लाळेने भिजलेला त्यांचा सदरा पाहिला. "काका, बेबीने पकडी राखजो," बाळाला धरून ठेवा असं गुजरातीत सांगत त्याने रिक्षा गल्लीत घातली. सानवी आता रडतही नव्हती, आणि त्याचीच हेरंबरावांना जास्त भीती वाटत होती.

हॉस्पिटलमध्ये काढलेल्या एक्सरेत अन्ननलिकेत पांढरा गोल स्पष्ट दिसला.

"नाणं असतं तर थोडं थांबलो असतो," डॉक्टर म्हणाले. "सेल आतून भाजतो. किती वाजता गिळला असेल?"

हेरंबरावांनी डोळे मिटले. "अकरा वाजता पाटी बोलत होती. मी आत भाजी चिरत होतो, हत्तीचा आवाज ऐकला. त्यानंतर नाही."

"म्हणजे अडीच तासांच्या आत. पण झाकण उघडलं कसं?"

यशश्री तेवढ्यात धापा टाकत येऊन पोचली होती. हेरंबरावांनी 'माहीत नाही' म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं.

"स्क्रू हरवला होता," ते म्हणाले. "मी नुसती चिकटपट्टी लावली. चूक माझी आहे."

यशश्रीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती डॉक्टरांमागून आत गेली.

पाऊण तासाने सेल बाहेर निघाला. कडेने काळा पडलेला. अन्ननलिकेला आतून भाजलं होतं. जखम भरेपर्यंत नळीने दूध द्यावं लागणार होतं, पुढे काही महिने तपासण्या. कुणाल आल्यावर त्याला सगळं हेरंबरावांनीच सांगितलं. तो चिडला, मग बापाच्या शेजारी बाकावर बसून राहिला. यशश्री तीन दिवस कामापुरतंच बोलली. हेरंबराव रोज सकाळी येत आणि व्हरांड्यातच बसत. आत जायचा धीर होत नव्हता.

चौथ्या दिवशी सानवीने पाण्याचे दोन चमचे न रडता गिळले. यशश्री दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

"बाबा, मी घरी जाऊन आंघोळ करून येते," ती म्हणाली. "तुम्ही आत बसा तिच्याजवळ. ती मघापासून 'आबा, आबा' करतेय."

हेरंबराव उठले. बारीकसं काही राहिलं नाही ना हे बघायला दाराशी त्यांनी सदऱ्याचा खिसा उलटा करून झटकला, चष्म्याची पेटी आणि किल्ल्या यशश्रीच्या हातात दिल्या, आणि मगच आत गेले.