खजुराच्या पाण्याचा पेला

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, आज माझ्या पोटात बटणे आहेत, पण झाकण काढून हुंगलेत तर अजून खजुराचा वास येईल. त्या वासाची मला भीती वाटते.

काचेच्या कारखान्यात माझा जन्म झाला. भट्टीत अंगाची लाहीलाही झाली, पण भीती म्हणजे काय ते तेव्हा ठाऊक नव्हते. मग मी एका शिंपीमास्तरांच्या घरी आले. पुढच्या खोलीत त्यांचे मशीन, आत स्वयंपाकघर, आणि तिथे राज्य त्यांच्या थोरल्या बहिणीचे. मास्तरांना तिनेच लहानाचे मोठे केले होते. मास्तरांची लेक तिला आत्या म्हणे, म्हणून मीही आत्याच म्हणते.

आत्याने माझ्यात खजूर भरला. एकदा तिला लघवीला जळजळ होत होती. कुणीतरी सांगितले, भिजवलेला खजूर खा आणि भरपूर पाणी पी. जळजळ थांबली. पाण्याने थांबली की आपोआप, देव जाणे, पण कौतुक झाले ते खजुराचे. "किडनीला याच्यासारखं औषध नाही," असे ती आल्यागेल्याला सांगे आणि मी फळीवर फुगून बसे.

पुढे मास्तरांचे पाय सुजू लागले. तपासणीत कळले की त्यांची दोन्ही मूत्रपिंडे थकली आहेत. दवाखान्यातून आल्यावर लेकीने आत्याला समोर बसवले.

"खजूर एकदम बंद. त्यात पोटॅशियम फार असतं. आपली किडनी ते बाहेर टाकते, बाबांची टाकत नाही. रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं. बटाटासुद्धा सोलून, चिरून भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं."

हे ऐकून माझ्या काचेला कापरे भरले. म्हणजे एवढे दिवस मी काय सांभाळत होते?

आत्या शब्दाची पक्की. बटाट्याचे पाणी ती न चुकता मोरीत ओते. भावाच्या ताटात तिने एकही खजूर वाढला नाही. पण तिचा जीव राहीना. सकाळी ती खजूर भिजत घाली, संध्याकाळी खजूर स्वतः खाई आणि खाली उरलेले गडद पाणी गाळून भावाला देई.

"डॉक्टर खजूर नको म्हणाल्यात, पाणी नको असं कुठं म्हणाल्यात? पी गुमान."

"अक्का, तू विष दिलंस तरी पिईन," मास्तर हसून म्हणत.

रोज तिचा हात झाकणाला लागला की माझा जीव टांगणीला लागे. वाटे, आज झाकण अडकावे. वाटे, आपण निसटून फुटावे. पण बरणीला आपणहून पडता येत नाही. मास्तरांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. सुईत दोरा ओवला जाईना. एकदा कात्री हातातून गळून पडली, तो आवाज फळीपर्यंत आला. आत्याला वाटले, अशक्तपणा. तिने मूठभर खजूर जास्तच भिजवला.

त्या संध्याकाळी ती पेला घेऊन निघाली. लेक मोरीत बटाट्याचे पाणी ओतत होती.

"आत्या, त्यात काय आहे?"

"खजुराचं पाणी, तुझ्या बाबासाठी. खजूर नाही हं एकही!"

लेकीच्या हातातले पातेले तसेच राहिले. "आत्या, हे बटाट्याचं पाणी आपण का फेकतो?"

"त्यातलं ते वाईट पाण्यात उतरतं म्हणून..." आत्या बोलता बोलता थांबली. पेला हातातून सुटला.

बाहेर मशीनही थांबले होते. मास्तर त्यावर डोके टेकून म्हणत होते, "अक्का, छातीत कसंतरी होतंय गं."

ते सगळे धावत दवाखान्यात गेले. मी एकटी, सोबत फरशीवर सांडलेले ते पाणी. दारापाशी जरा खुट्ट झाले की मी हादरे.

मास्तर वाचले, थोडक्यात. घरी आल्यावर आत्याने मला रिकामे केले, उकळत्या पाण्याने धुतले आणि बटणे भरून मास्तरांच्या मशीनशेजारी ठेवले. ती माझ्याकडे सहसा बघत नाही.

मित्रांनो, खजूर वाईट नाही. ज्याला सोसतो त्याने खुशाल खावा. पण ज्याची मूत्रपिंडे दुखणाईत आहेत, त्याला काहीही देण्याआधी डॉक्टरांना विचारा. फळाचे विचारा आणि त्याच्या पाण्याचेही विचारा. तुम्ही मायेने दिलेत, हे रक्ताला कळत नाही.

आत्या आता साधे पाणी देतानाही पेला धरून उभी राहते. "देऊ का रे?"

"अगं अक्का, नुसतं पाणी आहे ते."

तरी ती पेला उजेडात धरते, नीट बघते आणि मगच त्यांच्या हातात देते.