दांड्याशिवाय गाडी नाही

किनाऱ्यावरची ती रेल्वेलाइन शंभर वर्षांपूर्वी गावांतलं लोणी शहरात पोचवण्यासाठी टाकली होती. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दुसऱ्या रुळाला जागाच नव्हती, म्हणून ती एकेरी राहिली. पुढच्या स्टेशनापर्यंतचा पितळी दांडा हातात असल्याशिवाय चालकाने गाडी हलवायची नाही. दांडा एकच, त्यामुळे त्या टप्प्यात गाडीही एकच.

आयोना पास्को आज पहिल्यांदा एकटीने गाडी नेणार होती आणि नेमका दांडा जागेवर नव्हता. याच गाडीचे चालक म्हणून काल निवृत्त झालेले तिचे वडील डग निरोपाच्या गडबडीत तो मासेमारीच्या पिशवीत टाकून घरी घेऊन गेले होते.

“पुढे गाडी नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. काढ की,” तिला पास करायचं की नाही, हे ठरवायला आलेले निरीक्षक म्हणाले.

“नापास करा, सर. दांड्याशिवाय मी निघणार नाही.”

“अगं, बापाला फोन लाव,” डब्यातून नेहमीच्या प्रवासी मेविस मावशींनी हाक दिली. “माझ्या खिमा भरलेल्या पेस्ट्या थंड व्हायला लागल्या.”

“लावलाय, मावशी.”

बाराव्या मिनिटाला डग घरच्या चपलांतच धावत आले. आयोनाने दांड्यावरचं स्टेशनाचं नाव मोठ्याने वाचलं. निरीक्षकांनी ती पास झाल्याच्या कागदावर सही केली.

डग खिडकीला टेकून कौतुकाने बघत राहिले.

“बाबा, गाडी सुटतेय. पिवळ्या रेषेच्या मागे व्हा,” आयोना म्हणाली.

ते हसत दोन पावलं मागे सरकले.